कपाटातली आजी आणि उपाशी लांडगा

परीकथांमधलं क्रौर्य मुलांपासून लपवावं की नाही, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. २०१९ मध्ये बार्सिलोनातल्या एका शाळेने लहान मुलांच्या ग्रंथालयातली सुमारे २०० पुस्तकं मुलग्या-मुलींच्या साचेबंद चित्रणाच्या कारणावरून बाजूला काढली. त्यांत लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची गोष्टही होती. २०२३ मध्ये रोआल्ड डाल या इंग्रजी बालसाहित्यिकाच्या पुस्तकांतले शब्द बदलले गेले, तेव्हा तर जगभर गदारोळ झाला. अशा प्रत्येक वेळी आपल्याकडेही पालक, शिक्षक, लेखक यांच्यात लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, मूळ गोष्टीला हात लावू नका. दुसऱ्याचं म्हणणं, कोवळ्या मनावर असले संस्कार नकोत. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि पुस्तक उघडून त्यातल्या चित्रांकडे बघायला मात्र दोघांनाही सवड नसते.

माझी भूमिका आधीच सांगते. परीकथा नव्याने सांगायला माझी काहीही हरकत नाही. पात्रं बदला, देश बदला, शेवट बदला, शिकारी काढून टाका. पण गोष्टीतला धोका काढून टाकायला माझा ठाम विरोध आहे, कारण तो काढला की उरतं ते गोष्टीचं सोंग. आणि चित्रपुस्तकात हा धोका ठेवायचा किती, दाखवायचा किती, याचा निर्णय शब्दांपेक्षा जास्त चित्रात होतो. म्हणून चित्रांविषयी न बोलता चित्रपुस्तकांवर होणारी चर्चा मला फोल वाटते.

आधी ‘मूळ गोष्ट’ या शब्दाचं बघू. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण लाल टोपीवालीच्या गोष्टीचं मूळ शोधायला गेलं की हाती जे लागतं ते फार बोलकं आहे. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये पॅरिसमध्ये ही गोष्ट छापली. त्याच्या गोष्टीत लांडगा आजीला खातो, मग मुलीला खातो, आणि गोष्ट संपते. शिकारी नाही, लाकूडतोड्या नाही, सुटका नाही. खाली पद्यात तात्पर्य आहे: सुंदर मुलींनी गोडबोल्या लांडग्यांपासून सावध राहावं. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये हीच गोष्ट दिली ती जर्मन लोकांची म्हणून. त्यांना ती ज्या हासनफ्लूग बहिणींनी कासेलमध्ये सांगितली, त्यांचं घराणं फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, लोकांशी नातं सांगणारं होतं. म्हणजे फ्रेंच पुस्तकातली गोष्ट फिरून जर्मन आजीच्या तोंडी गेली असण्याचाच संभव जास्त. ग्रिमांच्या गोष्टीत शिकारी येतो, कात्रीने लांडग्याचं पोट कापतो, आजी आणि नात जिवंत बाहेर येतात, लांडग्याच्या पोटात दगड भरले जातात आणि तो मरतो. मग मूळ कुठलं? सगळे मेले ते, की सगळे वाचले ते?

याहून गमतीची गोष्ट फ्रान्सच्या खेड्यात सापडते. निव्हर्ने भागात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशील मिलियँ या संग्राहकाने खेड्यातल्या सांगणाऱ्यांकडून ही कथा लिहून घेतली. तिच्यात लाल टोपी नाहीच. मुलीला बाईला न साजेशा भाषेत ‘मला परसाकडे जायचंय’ असं लांडग्याला सांगावं लागतं. तो तिच्या पायाला दोर बांधून बाहेर सोडतो, ती दोर प्लमच्या झाडाला बांधते आणि घरी पळून जाते. कुणी वाचवायला येत नाही, तीच स्वतःला वाचवते. छापील गोष्टींनी या मुलीकडून तिचं शहाणपण काढून घेतलं. आज ‘मुलीला सबळ दाखवा’ म्हणणाऱ्यांना जे नवीन वाटतं, ते खेड्यातल्या सांगणाऱ्यांच्या तोंडी आधीपासून होतं. ग्रिमांच्या पुस्तकातही एक शेपूट आहे, ते चित्रपुस्तकांत सहसा दिसत नाही: पुन्हा एकदा दुसरा लांडगा येतो, छपरावर दबा धरून बसतो, आजी सॉसेज उकळलेलं पाणी नातीकडून दाराबाहेरच्या दगडी कुंडात ओतवते, वासाला भुलून लांडगा मान लांबवत लांबवत घसरतो आणि बुडून मरतो. आजी आणि नात मिळून. शिकाऱ्याची गरजच पडत नाही. एवढा सुरेख, एवढा चित्रात उतरण्याजोगा प्रसंग पडून आहे आणि आपण शिकारी ठेवायचा की नाही यावर भांडतो आहोत.

तेव्हा ‘मूळ’ जपणाऱ्यांचा आधार लंगडा आहे. विल्हेल्म ग्रिमने स्वतः १८१२ पासून १८५७ पर्यंत सात आवृत्त्यांत गोष्टी सतत बदलल्या. आपण हिमगौरी म्हणतो तिचा जीव घ्यायला निघालेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. पुढे ती सावत्र झाली. हान्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडणाऱ्या आईचंही तेच झालं. आई असं करते हे त्या काळच्या मध्यमवर्गीय वाचकाला सहन होणार नाही म्हणून हा बदल. आणि त्या एका बदलाने दोन शतकं सावत्र आयांच्या माथी जे खापर फुटलं ते आजही फुटतं आहे. बदल निष्पाप नसतात, हे यावरून समजावं. पण बदल होणारच, हेही समजावं.

सुधारणावाद्यांचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. बर्फासारखी गोरी म्हणून सगळ्यांत सुंदर, हे वाक्य आपल्या देशात मुलींसमोर वाचताना जीभ अडखळली पाहिजे. लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ छापणाऱ्या आणि सावळ्या बाळाला डाळीचं पीठ चोळणाऱ्या समाजात ही गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही. पेरोचं तात्पर्य तर सरळ मुलीलाच दोष देतं: लांडग्याशी बोललीस ना, मग भोग. ते मी एका क्षणात गाळेन. राजपुत्राने झोपलेल्या मुलीचं चुंबन घेण्याबद्दलही मला कुणी प्रश्न विचारला तर मी चिडणार नाही. हे सारं बदलता येतं आणि गोष्ट मरत नाही. हिमगौरी सावळी केली तरी आरसा, सफरचंद आणि काचेची पेटी यांतलं काहीच कमी होत नाही.

मरते ती कशाने? मऊ केल्याने. लाल टोपीवालीच्या अलीकडच्या कितीतरी आवृत्त्यांत लांडगा आजीला खात नाही, कपाटात कोंडतो. मुलीला खायला झेप घेतो, तेवढ्यात कुणीतरी येतं, लांडगा जंगलात पळून जातो, कपाटातून आजी हसत बाहेर येते आणि सगळे मिळून केक खातात. माझ्या भाचीला अशी एक आवृत्ती वाचून दाखवत होते. गोष्ट संपल्यावर तिने पान मागे उलटलं, कपाटाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, “पण त्याला भूक लागली होती ना? मग त्याने खाल्लं काय?” उत्तर नव्हतं, कारण पुस्तकातच नव्हतं. भुकेला लांडगा घरात शिरतो, समोर म्हातारी आहे, आणि तो तिला नीट कपाटात ठेवून दार लावतो. चार वर्षांच्या मुलाला कार्यकारणभाव कळतो. पुस्तक करणाऱ्या मोठ्या माणसांनी तो सोडून दिला होता. मग पुढचे प्रश्न कशासाठी? तुझे कान एवढे मोठे का, डोळे एवढे मोठे का, दात एवढे मोठे का? ही सगळी चढण शेवटच्या उत्तरासाठी आहे. त्या उत्तरामागे काही घडणारच नसेल, तर ती चढण म्हणजे नुसता पाठांतराचा खेळ होतो.

दुसरं म्हणजे, मऊ केलेली गोष्ट मुलाला कमी घाबरवते हे गृहीतच मला मान्य नाही. ग्रिमांचा लांडगा मरतो. पोटात दगड, उठायला गेला आणि कोसळला, विषय संपला. मऊ गोष्टीतला लांडगा पळून जातो. कुठे? जंगलात. जंगल कुठे आहे? दिवे मालवल्यावर ते खिडकीच्या बाहेरच असतं. ज्या भीतीला शेवट आहे ती मूल पचवतं. शेवट नसलेली भीती त्याच्याबरोबर झोपायला येते. पालकांनी दयाळूपणे काढलेला तो एक मृत्यू मुलाला रात्रभर पुरतो.

आता विरोधातला सगळ्यांत वजनदार मुद्दा. गोष्ट ऐकणारं मूल लांडगा मनात रंगवतं ते स्वतःला झेपेल एवढाच. चित्रातला लांडगा मात्र चित्रकाराच्या मापाचा असतो. मुलाला माप निवडता येत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनला परीकथांना चित्रांचा फारसा उपयोग नाही असं वाटे. ब्रूनो बेटलहाइम हा मानसशास्त्रज्ञ परीकथांतल्या क्रौर्याचा १९७६ मध्ये जोरदार कैवार घेतो, पण चित्रं मुलाची कल्पना अडवतात असंही सांगतो. हा आक्षेप मी टाळू शकत नाही. काही मुलं खरोखरची हिंसा बघून आलेली असतात, काहींना रक्ताचं एक चित्र महिनोन्महिने छळतं. वाचून दाखवताना आवाज खाली आणता येतो, डोळे मिचकावता येतात. छापलेलं चित्र आवाज खाली आणत नाही. हे सगळं खरं आहे.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? गोष्टीतून लांडगा काढा, हा निघत नाही. चित्रकाराने माप ओळखावं, हा निघतो. पेरोच्या गोष्टीसाठी फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरेने काढलेली १८६२ ची दोन चित्रं बघा. पहिल्यात मुलगी आणि लांडगा जंगलात भेटतात. लांडगा आपल्याला पाठमोरा दिसतो. भलंमोठं धूड तिच्या अंगाला जवळजवळ घासून उभं आहे. चेहरा दिसतो तो मुलीचा, वर त्याच्याकडे पाहणारा. लांडग्याच्या तोंडावर काय भाव आहे ते आपण तिच्या डोळ्यांत वाचायचं. दुसऱ्या चित्रात दोघं एका पलंगावर आहेत. लांडग्याच्या डोक्यावर आजीची झालरीची टोपी. मुलीने पांघरूण छातीशी धरलंय आणि ती त्याच्याकडे बघतेय. रक्ताचा थेंब नाही, झेप नाही. तिला कळलंय आणि तिला अजून हलता आलेलं नाही, तेवढा एकच क्षण डोरेने थांबवून धरलाय. दीडशेहून जास्त वर्षं झाली, गोष्टीतलं एक अक्षर न बदलता, काहीही भीषण न दाखवता हे चित्र काम करतं आहे. आजीचं कपाट रंगवणाऱ्या चित्रकाराला हे जमलं नसतं असं नाही. त्याला तशी संधीच मजकुराने ठेवली नाही.

आणि हवं तर याच्याही पलीकडे जाता येतं. वार्या लावाटर या स्विस चित्रकर्तीने १९६५ मध्ये ही गोष्ट घड्या घातलेल्या एका लांबलचक कागदी पट्टीवर सांगितली. लाल ठिपका म्हणजे मुलगी, काळा म्हणजे लांडगा, हिरवे ठिपके म्हणजे जंगल. सुरुवातीला खुणांची यादी, पुढे एकही वाक्य नाही. दात नाहीत, डोळे नाहीत, रक्त नाही. तरीही हिरव्या गर्दीत एकटा लाल ठिपका आणि त्याच्या रोखाने काळा ठिपका दिसला की पोटात गोळा येतो. यापेक्षा मोठा बदल कुठला असणार? माणसंच काढून टाकली. पण धोका शाबूत ठेवला, म्हणून गोष्ट शाबूत राहिली. बेटलहाइमच्या आक्षेपालाही इथे उत्तर आहे: लांडग्याचं तोंड मुलाने आपल्या मापाने काढायचं, चित्राने त्याला फक्त जागा दिली.

चित्रांकडे न बघता चित्रपुस्तकांवर मत देण्याची खोड जुनी आहे, आणि तज्ज्ञही तिला अपवाद नाहीत. याच बेटलहाइमने १९६९ मध्ये अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाकच्या, राक्षसांच्या देशात जाणाऱ्या मुलाच्या पुस्तकावर टीका केली, आयांनी केलेल्या वर्णनावर विसंबून, पुस्तक स्वतः न पाहता. आईने उपाशी झोपायला पाठवलं, मूल घाबरेल, हा त्याचा मुद्दा. त्याने पानं उलटली असती तर दिसलं असतं की मुलाचा राग जसा वाढतो तसं चित्र पानागणिक मोठं होत जातं, मधल्या धुमाकुळात शब्दांना जागाच उरत नाही, मग चित्र पुन्हा आवरतं, आणि घरी जेवण गरम असतं. मुलाला सुखरूप घरी आणण्याची ही सोय पानांच्या मांडणीत केली होती. वर्णन करणाऱ्या आईला ती दिसली नसेल तर नवल नाही.

उलटही घडतं. ट्रिना शार्ट हायमन या अमेरिकन चित्रकर्तीने लाल टोपीवालीच्या गोष्टीचं देखणं चित्रपुस्तक केलं, त्याला १९८४ मध्ये कॅल्डकॉट हा अमेरिकेतला चित्रपुस्तकांसाठीचा सन्मान मिळाला. काही वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या दोन शालेय विभागांनी ते मुलांच्या हातून काढून घेतलं. लांडग्यामुळे? नाही. टोपलीत वाइनची बाटली दिसत होती म्हणून. ग्रिमांच्या मजकुरात आई आजीसाठी केक आणि वाइनच देते. हायमनने ती प्रामाणिकपणे चित्रात दाखवली. म्हातारी गिळली गेली तर चालेल, घोटभर प्यायलेली चालणार नाही! मुलांच्या भल्यासाठी म्हणून जे गाळलं जातं, ते पुष्कळदा मोठ्यांच्या त्या-त्या वेळच्या काळजीतून गाळलं जातं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

असंच एक जुनं भांडण लंडनमध्ये झालं होतं. जॉर्ज क्रुकशँक हा नामांकित चित्रकार. ग्रिमांच्या पहिल्या इंग्रजी भाषांतराला १८२३ मध्ये त्याचीच चित्रं होती, डिकन्स या कादंबरीकाराच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’लाही. पुढे तो कट्टर दारूबंदीवाला झाला आणि १८५३ पासून परीकथा नव्याने लिहू लागला. त्याच्या सिंड्रेलाच्या लग्नात वाइनची कारंजी नकोत म्हणून प्रवचन होतं आणि तिथली सगळी दारू होळीत जाते. त्याच्या आधीच्या पहिल्याच पुस्तकावर डिकन्स संतापला होता आणि परीकथांची ही फसवणूक आहे असा लेखच त्याने लिहिला होता. मला डिकन्सचा संताप पटतो, पण उपाय पटत नाही. जशीच्या तशी राखावी अशी एक गोष्ट त्याच्यासमोरही नव्हती. क्रुकशँकने बदल केला हा त्याचा दोष नव्हताच. मुलाला सांगायच्या गोष्टीत त्याने मोठ्यांचं भाषण घुसवलं, हा होता. आजची ‘सर्वसमावेशक’ म्हणवणारी कितीतरी पुस्तकं हेच करतात. लांडगा शेवटी माफी मागतो, शाकाहारी होतो, मैत्रीवर दोन वाक्यं बोलतो. विचार चांगला असेल. पण मूल भाषण ओळखतं आणि पान उलटतं.

मराठीत हा प्रश्न आणखी एका जागी अडतो. चित्रपुस्तक सहसा दोन फर्म्यांचं, बत्तीस पानांचं असतं. मजकूर शे-पाचशे शब्द. बाकीची गोष्ट चित्रात, आणि पान उलटण्यात. लांडगा दार ढकलतो तो उजव्या पानावर, आणि पान उलटल्यावर काय दिसेल ते मुलाने श्वास रोखून ठरवायचं. परीकथांची परदेशी चित्रपुस्तकं आपल्याकडे येतात तेव्हा रंगीत चित्रं तयारच येतात. फक्त काळ्या शाईची प्लेट बदलून मराठी मजकूर बसवायचा. खर्च वाचतो आणि छपाई चांगली होते, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण मग ‘मराठीत पुनर्कथन’ हा शब्द जरा जपून वापरला पाहिजे. अर्ध्याहून जास्त गोष्ट जर चित्रात असेल, तर तेवढी आपण सांगितलेलीच नाही. कपाट तिकडून आलं, आपण फक्त त्याखाली मराठी वाक्य लिहिलं.

आपल्याकडेही जंगलातून जाणारी एक आजी आहे. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ, कोल्हा, लांडगा. “लेकीकडे जाऊ दे, तूप-रोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग मला खा.” परत येताना ती भोपळ्यात बसते आणि ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. शेवट घरोघरी वेगळा. ही म्हातारी मरणाला तारीख देऊन येते आणि ती तारीख चुकवते. आता तिच्या चित्रपुस्तकांत वाघ काढायची पद्धत बघा: गोल पोट, गुलाबी जीभ, हसरे डोळे, जणू म्हातारीला सोडायलाच आलाय. असल्या वाघासमोर भोपळ्याची गरज काय? ती लेकीकडेच का राहिली नाही, असं एखादं मूल विचारेल आणि ते बरोबर असेल. प्रकाशकांना माझी विनंती आहे की ही गोष्ट चित्रकाराकडे देताना मजकुराबरोबर ‘लहान मुलांसाठी आहे, गोड काढा’ एवढीच सूचना देऊ नये. त्याला पानं द्यावीत, वेळ द्यावा, मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीने त्याचं नाव द्यावं, लेखकाइतकेच पैसे द्यावेत, आणि वाघ किती जवळ येऊ द्यायचा हे त्याच्यावर सोपवावं. कच्ची चित्रं आली की ती संपादकांच्या बैठकीत फिरवण्याआधी चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर ठेवावीत. वाघाच्या पानावर मुलं थांबतात का, मागे सरकतात का, आणि पुन्हा तेच पान उघडायला सांगतात का, एवढं बघावं.